सिस्टरची रबरी भुतं

राजूरला खोली घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, खालच्या घरातून बाईच्या किंकाळ्या ऐकू आल्या. मी वर भात टाकत होते. तशीच जिना उतरून धावले, दार लोटलं, तर घरमालकीणबाई पलंगावर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. समोर टीव्हीवर एक गोरी बाई खिडकीच्या पडद्याला धरून ओरडत होती आणि बैलाएवढा एक विंचू तिच्या अंगावर चालून येत होता. विंचवाच्या नांग्या ज्या तारेनं वर ओढल्या जात होत्या, ती तार मला दारातूनही दिसली.

मालकीणबाईंनी मान वळवली नाही. परात थोडी सरकवून त्यांनी मला जागा करून दिली. "या मॅडम, बसा," म्हणाल्या. "पाय वर घ्या. इच्चू हाय."

मी पाय वर घेतले. वर भात करपला.

त्या कोळसा खाणीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलेलं नव्हतं. त्या वस्तीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताची सुई खाऊन मोठी झालेली, त्यामुळं लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मी सुरुवातीला मावशी म्हणून पाहिलं. ते त्यांना आवडलं नाही. मावश्या गावभर पडल्या आहेत, सिस्टर एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. मी वणीच्या ज्युनियर कॉलेजात सकाळच्या पाळीत शिकवायचे. वणीत खोली मिळेना म्हणून राजूरला आले होते. घराच्या एका अंगाला चुन्याच्या भट्ट्या आणि दुसऱ्या अंगानं कोळशाचे ट्रक. दोरीवर वाळत घातलेलं कापड काळं होणार की पांढरं, ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर असायचं. सिस्टर रोज दुपारी जेवण झालं की ओल्या फडक्यानं टीव्हीची काच पुसत, हात कोपरापर्यंत साबणानं धूत आणि सिनेमा लावत. सिनेमा नेहमी भुताखेताचा, नेहमी परदेशातला, नेहमी जुना आणि, त्यांच्याच शब्दांत, 'गरिबाघरचा'.

गरिबाघरचा म्हणजे ज्यात राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते. वाड्याची भिंत दार आपटल्यावर हलते. ज्यात वटवाघूळ दोरीला लटकून येतं आणि परत जाताना उलटं फिरतं. हे सगळं पाहून मला हसू यायचं. सिस्टर हसत नसत. त्यांना त्या माणसांची काळजी वाटायची. मे महिन्यात, छताचा पंखा गरम हवाच खाली ढकलत असायचा तेव्हा, दलदलीतून वर येणाऱ्या रबराच्या राक्षसाकडे पाहून त्या हळहळत. "आत माणूस हाय नं त्याच्या. किती घाम आला असन बिचाऱ्याले. अन् थे पोरगी उगाच बोंबलून राह्यली त्याच्यावर."

ते सिनेमे कोणत्या भाषेतले असत ते आम्हा दोघींनाही कधी नीट कळलं नाही. खाली अक्षरं येत नसत, आणि आली तरी सिस्टर ती वाचत नसत. बोलणं त्या स्वतः लावून घेत. पांढरा कोट घातलेला कुणीही दिसला की तो मेडिकल ऑफिसर. त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो काचेच्या नळीत काहीतरी उकळायला लागला की त्या म्हणत, "पाय आता. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात आला म्हंजे हा काहीतरी कुटाने करते." गावचा सरदार म्हणजे सरपंच. जंगलातून पळणाऱ्या मुलीला ठेच लागली की त्या तिला चपलेवरून बोलत. आणि अगदी भीतीचा प्रसंग आला की शेजारी बसलेल्याचं मनगट धरत. मला पहिल्यांदा वाटलं, घाबरल्या. मग कळलं, पदराला टाचलेल्या घड्याळाकडे बघत त्या माझी नाडी मोजत होत्या. प्रसंग संपला की हात सोडून देत. "काहीच भेली नाही तू," असं निराशेनं सांगत, जणू त्या सिनेमाच्या वतीनं त्यांनाच वाईट वाटत होतं.

पडदे मात्र उघडे हवेत. पहिल्या महिन्यात मी शहाणपणा करून खिडकी लावायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. अंधारात काय कुणीही भितं, म्हणाल्या, भुताची खरी परीक्षा दुपारी दोन वाजता. टीव्हीच्या वर भिंतीला बुद्धाची तसबीर होती. दर पौर्णिमेला त्या पांढरं लुगडं नेसून विहारात जात, पंचशील घेत, आणि येऊन दुपारी चेटकीण लावत. एकदा विहारातल्या एका बाईनं त्यांना विचारलं की भगवंताच्या पुढ्यात हे असलं बरं दिसतं का. सिस्टरनी जराही न रागावता सांगितलं, "भगवंतानं म्हातारा पाह्यला, रोगी पाह्यला, मढं पाह्यलं. रबराचा इच्चू तेवढा पाह्याचा राह्यला होता."

ती बाई आठवडाभर तोंडावर पदर धरून हसत होती, असं मला नंतर समजलं.

सिनेमे त्यांना पुण्याचा भाचा पुरवायचा. पूर्वी म्हणे कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, आता तो पेनड्राइव्ह भरून पाठवी. एका दिवाळीला त्यानं हौसेनं नवा सिनेमा पाठवला. करोडोंचा असणार. त्यातल्या जखमा इतक्या खऱ्या होत्या की मला मळमळलं. सिस्टरनी पाचच मिनिटांत बंद केला. हे आपलं ड्युटीवर पाहून झालं आहे, म्हणाल्या, आणि त्याच पेनड्राइव्हवरचा एक काळापांढरा सिनेमा लावला. त्यात रक्त म्हणून काय वापरलं होतं देव जाणे, पण ते पायरीवरून काकवीसारखं सावकाश उतरत होतं. ते बघत त्यांनी शांतपणे चहा घेतला.

वस्तीत त्यांच्याबद्दल दोन मतं होती. जुनी माणसं त्यांच्या छंदाला सरावलेली होती. नव्यानं राहायला आलेल्यांपैकी काहीजण मात्र दुपारी त्या घराजवळून जाताना पलीकडच्या कडेनं जात. बाई एकटी राहते, आतून ओरडण्याचे आवाज येतात, अशी कुजबुज होती. महिला दिनाच्या कार्यक्रमानं ती संपली.

कार्यक्रम बचत गटाच्या बायांनी विहाराच्या सभागृहात ठेवला होता. तालुक्याहून एक अधिकारी बाई आरोग्यावर बोलायला येणार होत्या, त्यासाठी पडदा आणि प्रोजेक्टर आणला होता. सकाळी आलेल्या बाया दुपारपर्यंत बसून राहिल्या. पाहुण्यांचा पत्ता नाही. लेकरं रडायला लागली. बाया उठायच्या बेतात आल्या तेव्हा गटाच्या अध्यक्षीणबाईंनी हात जोडून सिस्टरना विनंती केली की काहीतरी बोला. सिस्टर बोलल्या नाहीत. घरी जाऊन पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

सिनेमा बर्फातल्या राक्षसाचा होता. डोंगरात बर्फ पडतोय, कंदील घेतलेली माणसं चालली आहेत, आणि मागून केसाळ पाय. सिस्टर पडद्याच्या बाजूला उभ्या राहून सगळ्यांचं बोलणं सांगत होत्या. सभागृहात खरोखर चिडीचूप झालं. एका बाईनं पोराला पदराखाली घेतलं. मग वादळ सुरू झालं आणि पडद्यावर सगळीकडं पांढरं पांढरं उडायला लागलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी, जिचा जन्म दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात गेला होता, स्वच्छ आवाजात म्हणाली, "अवं, हा तं कापूस हाय."

मग दुसरी म्हणाली, कापूस नाही, रुई आहे, सरकी काढलेली. तिसरी म्हणाली, एवढी रुई उधळली मेल्यांनी. राक्षस त्या रुईतून हात पसरून पुढं येत होता आणि त्याच्या केसांना रुईचे पुंजके चिकटत होते. "आता हा वेचनार कोन?" असं कुणीतरी म्हणालं आणि सभागृह फुटलं. मी इतक्या बायांना एकदम हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत होत्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. नेमकी तेव्हाच लाइन गेली. पडदा काळा झाला. बाया ओरडल्या, मग काय झालं ते सांगा. सिस्टरनी सांगितलं. त्यांच्या गोष्टीत राक्षस मरत नव्हता. तो घामाघूम होऊन एका दगडावर बसतो, डोक्यावरचं केसाळ टोपडं काढतो आणि कंदीलवाल्यांना ताक मागतो. अधिकारी बाई पोचल्या तेव्हा सभागृहातला एकूण एक जीव हसून लोळत होता. त्यांनी विचारलं, काय चाललंय. अध्यक्षीणबाईंनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की आरोग्यावरच चालू आहे.

पलीकडच्या कडेनं जाणाऱ्यांपैकी दोघीतिघी पुढं दुपारच्या सिनेमाला येऊन बसायला लागल्या.

माझी बदली होऊन आता मला यवतमाळला राहावं लागतं. सिस्टर अजून तिथंच आहेत. फोन करतात तो दुपारीच. कशी आहेस वगैरे विचारत नाहीत, आज काय लागलं आहे तेवढं सांगतात. पण मला त्यांच्याबद्दल जे सांगायचं आहे ते बदलीच्या आधीच्या वर्षातलं आहे.

त्या वर्षी माझे वडील गेले. राळेगावला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी जेवून ओसरीतल्या खाटेवर आडवे झाले. आई शेजारी बसून मेथी निवडत होती. माझी आई बोलकी, इतकी की एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, सासर आणि दुखणं तिला पुढच्या थांब्याच्या आत माहीत व्हायचं. ती वडिलांना शेजारच्या मुलीच्या सोयरिकीचं सांगत होती. मध्येच काहीतरी विचारलं, ते बोलले नाहीत. ती चिडली. "आयकून राह्यले का नाही?" म्हणाली आणि पुढं बोलत राहिली. मेथी संपल्यावर चहाला उठवायला गेली. डॉक्टर म्हणाले, ते केव्हाच गेले होते. बहुधा झोप लागल्या लागल्याच.

आईनं हे मला फक्त एकदा सांगितलं, त्याच दिवशी, मी पोचल्यावर. त्यानंतर ती बोलायची थांबली. आलेल्यागेलेल्यांनी रडवायचा प्रयत्न केला, ती रडली नाही. तेरवी झाल्यावर मी तिला राजूरला घेऊन आले. दिवसभर खिडकीशी बसायची. ताट पुढं केलं की दोन घास खायची, विचारलं की मानेनं सांगायची. वणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेळ लागेल म्हणाले. सिस्टर एकदा वर आल्या, आईची नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि जाताना मला म्हणाल्या की ताईला दुपारी खाली पाठवत जा. मला ते भलतंच वाटलं. मी म्हटलं, सिस्टर, आमच्या घरात माणूस गेलंय, ती कसली प्रेतं न् भुतं बघणार आहे. सिस्टरनी वाद घातला नाही. बरं, म्हणाल्या.

दोन-चार दिवसांनी कॉलेजातून आले तर वर आई नव्हती. तशीच उलट्या पावली खाली गेले. ती सिस्टरच्या पलंगावर बसलेली, मांडीवर शेंगांची परात, हात स्थिर. सिस्टरनी शेंगा सोलायला बोलावलं होतं, हे नंतर कळलं. आणि टीव्हीवर, मी बघितलं तर, मेणबत्त्यांच्या मध्ये टेबलावर एक म्हातारा पांढऱ्या चादरीत पडलेला. मेलेला. आई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

मी टीव्ही बंद करायला पुढं झाले. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. "थांब," म्हणाल्या. त्या एका शब्दात दवाखान्यातला सगळा अधिकार होता. मी थांबले. मग त्यांनी रिमोटनं ते चित्र तिथंच धरून ठेवलं आणि आईला सांगायला सुरुवात केली. मला नाही, आईला.

नोकरीला नुकत्याच लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. खाणीत छताचा दगड सुटला. माणसं वर आणली ती दवाखान्यातच आणली. डॉक्टर मृत्यूचे कागद करून बाहेर गेले. घरच्यांच्या ताब्यात द्यायच्या आधी त्यांना धुवायचं काम सिस्टरवर आणि एका आयाबाईवर आलं. कोळसा कातडीत जातो, तो निघत नाही. त्यातल्या एकाला त्यांनी आदल्या दिवशी तापाची सुई दिली होती. तो सुईला भ्यायला होता आणि त्या त्याच्यावर हसल्या होत्या. धुताना त्या सारख्या त्याच्या पोटाकडं बघत राहिल्या. वाटायचं, हललं. परत बघायच्या. आयाबाई म्हणायची, सिस्टर, झालं आता. पुढं कितीतरी दिवस त्यांना अन्न गेलं नाही. कुणी झोपलेलं दिसलं तरी नजर पोटाकडं जायची. शेवटी त्याच आयाबाईनं त्यांना हाताला धरून बळजबरीनं तिथल्या व्हिडिओ हॉलमध्ये नेलं. दुपारचा खेळ होता. काय सिनेमा आहे ते दोघींनाही माहीत नव्हतं.

"हाच होता," सिस्टर म्हणाल्या. "हा बुढा असाच पडेल होता. मी उठून पळनारच होती. पन सवयीनं पोटाकडं पाह्यलं. पाहा ताई तुम्ही."

त्यांनी सिनेमा सुरू केला. पडद्यावर मेणबत्त्या हलल्या. कुणी तरुण मुलगी चादरीवर डोकं टेकून रडत होती. आणि तिच्या हाताखाली म्हाताऱ्याचं पोट, हळूच, चोरून, वर झालं आणि खाली गेलं.

"दम धरला होता बिचाऱ्यानं," सिस्टर म्हणाल्या. "किती धरन? त्यायच्यापाशी दुसऱ्यांदा काढाले फिल्लम नसन. राहू दिलं तसंच. मले तं रडूच आलं. म्हटलं, हा मेला नाही वं. हे झालं का उठन, च्या पेईन, घरी जाईन." मग त्या म्हणाल्या, "आता तं थोही गेला असन. लय वर्सं झाली. पन मी लावलं का दम घेते."

त्यांनी तो भाग मागं नेला आणि परत लावला. परत. आई बघत होती. मी दाराशी उभी होते. आईच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. थोड्या वेळानं ती उठली, परात खाली ठेवली आणि जिना चढून गेली. तिनं त्या संध्याकाळी जास्त खाल्लं, असं काही झालं नाही. मला सिस्टरचा रागच आला होता. त्यांच्याजवळ मी तो बोलून दाखवला नाही, पण दोन दिवस खाली गेले नाही.

आई मात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, खालून दाराची कडी वाजली तशी ती उठली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली. तिसऱ्या दिवशीही. सिस्टर तिला काही विचारत नसत. एकीकडे सोलणं-निवडणं चालायचं, समोर कुणीतरी कुणाचंतरी रक्त प्यायचं. मला वरती नुसता सिस्टरचा आवाज यायचा, मेडिकल ऑफिसरला बोल लावणारा, आणि आईच्या जागी शांतता.

अशीच एक रविवारची दुपार. मी अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढून जिन्यानं वर जात होते. दार उघडंच होतं. टीव्हीवर आडरानातलं एकटं घर, बाहेर वारा, आणि स्वयंपाकघरात एक बाई चुलीवर भांडं ठेवत होती. बाहेर काहीतरी वाजलं. बाई दचकली, दिवा उचलला आणि आवाजाच्या दिशेनं निघाली.

"अवं बाई, दूध ठेवलं नं तू चुलीवर," आई म्हणाली. "कुठी चालली?"

आवाज बसलेला होता. मी पायरीवर तशीच थांबले. सिस्टरनी मान वळवली नाही. शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "थे आयकत नाही ताई. तिकडची हाय."

"काहून नाही आयकत?" आई म्हणाली. "मी सांगून राह्यली नं तिले."

आणि ती सांगायला लागली. दूध उतू जाईल म्हणून सांगितलं. मागचं दार उघडंच टाकलं आहे म्हणून सांगितलं. बाई झाडाझुडपांत शिरली तेव्हा, एवढा घेर असलेला झगा घालून कुणी काट्याकुट्यात जातं का, असं विचारलं. सिनेमा संपेपर्यंत ती तिच्याशी बोलत होती, आणि मी कपड्यांचा ढीग छातीशी धरून जिन्यातच बसून राहिले होते.